तेहतिसावी पाकळी

ह्या अठ्ठावन्न साली अधिक श्रावण आला, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. दर आषाढी एकादशीला मी काहीतरी सोडते. एका साली वांगी सोडली, एका साली गूळ. यंदा देवापुढे हात जोडले आणि दुरुत्तर सोडलं. कार्तिकी एकादशीपर्यंत कुणालाही टाकून बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आमचे हे ऐकून हसले. म्हणाले, "बकुळा, तुझ्याकडे होतं कधी, तर सोडलंस? मी सोडलं असतं तर देवाला काही मिळालं तरी असतं." मलाही तसंच वाटलं होतं, की ह्या साली स्वस्तात सुटले.

स्वस्तात काही सुटले नाही. महिन्याच्या आतच असा राग आला, की आजवरच्या चोपन्न वर्षांत आला नव्हता.

आम्ही काळाचौकीला राहतो. हे गिरणीत साचे चालवतात, म्हणजे माग. माझे वडील गुणाजी पांचाळ हेही साच्यांचेच, पण दुसऱ्या साच्यांचे. चिंचपोकळीला पूर्वी एक काचेचा कारखाना होता. तिथे वितळलेली काच लोखंडी साच्यात ओतून वरून दट्ट्याने दाबायची, की वाटी, ताटली, पेला, जे हवं ते नक्षीसकट बाहेर यायचं. ते लोखंडी साचे बाबा कापायचे. छिन्नी, कानस आणि डोळा, एवढ्यावर. नक्षी उलटी कापायची, उंच हवं तिथे खोल कोरायचं. तीस वर्षं भट्टीच्या उजेडात हे काम केलं आणि डोळे गेले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे आणलं. जावयाच्या घरी राहायचं म्हणून ते पाणीसुद्धा मागून घेत नसत.

त्यांची एक सवय होती. पाण्याचा पेला हातात दिला, की आधी अंगठा पेल्याच्या बुडावरून फिरवायचा, मग प्यायचं. चहाची बशी असो, लोणच्याची बरणी असो, काच दिसली नाही तरी तिचं बूड ते चाचपायचे आणि म्हणायचे, "मशीनचो," किंवा "बरो कापलोहा." साचा हाताने कापलेला की मशीनने, हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं.

ते एका दुपारच्या बातमीने थांबलं.

हे पाळीवरून येऊन झोपतात आणि चारच्या चहाला बाबांना पेपर वाचून दाखवतात. आधी संयुक्त महाराष्ट्राचं सगळं, समितीची सभा कुठे, मोर्चा कुठून. मग गिरणीचं. मग उरलंसुरलं. त्या दिवशी उरल्यासुरल्यात एक बातमी होती. गिरगावातल्या एका ग्रंथालयाने 'मुंबई घडवणारे हात' नावाचं प्रदर्शन मांडलं आहे. त्यात वसंतराव मांडके ह्या संग्राहकांचं जुन्या काचेचं कपाट आहे, आणि काचेच्या तळाशी असणाऱ्या गूढ खुणा त्यांनी मोठ्या अभ्यासाने उलगडल्या आहेत. नमुन्यादाखल एक खूण छापली होती. दुभंगलेलं पान आणि खाली टिंब. ही खूण असलेली पाकळ्यांची ताटली बोहेमिया नावाच्या युरोपातल्या मुलखात, साधारण अठराशे नव्वद साली बनलेली, असं वसंतरावांचं मत.

बाबांचा चहा हातात तसाच राहिला. त्यांनी ह्यांना विचारलं, की पान दोन फाकांचं आहे का. ह्यांनी पाहून सांगितलं, हो. खाली ठिपका आहे का. हो. फाका देठाकडे जवळ आणि टोकाकडे एकमेकींपासून लांब आहेत का. हो, मामा, तसंच आहे.

मी चूल सोडून उठले आणि चित्र पाहिलं. ते पान नव्हतं. ते माझ्या आईच्या हातचं गोपद्म होतं.

गोपद्म म्हणजे गाईच्या खुराचा ठसा. चातुर्मासात बायका रोज सकाळी रांगोळीने तेहतीस काढतात. आमच्या आईने, सुंदराबाईने, पाच वर्षांचं हे व्रत दोनदा केलं, आणि मी आज करते आहे. आई खुराखाली एक ठिपका द्यायची, तो तिचा स्वतःचा. वीस साली अधिक मास आला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. आई बाबांना म्हणाली, सगळे पितळेच्या ताटात देतात, तुम्ही एवढ्या लोकांच्या ताटल्या करता, आपल्या जावयासाठी एक करा. बाबांनी साहेबाला विचारून फळांच्या ताटलीचा नवा साचा घेतला आणि तिच्या तळाला आईचं गोपद्म कोरलं. कामगाराने आपली खूण घालायची नाही असा कारखान्याचा नियम होता. साहेबाने पाहिलं आणि त्याला वाटलं, पानाची नक्षी आहे. चालेल.

पहिली ताटली आमच्या घरी आली. नंतर त्याच साच्यातून शेकडो निघाल्या. बांधणीच्या खोलीत त्यांच्यावर परदेशी नावाचे कागद चिकटवायचे, कारण दुकानदार म्हणायचे, इथली म्हटलं तर गिऱ्हाईक हात लावत नाही. बाबा ते पाहायचे आणि गप्प बसायचे. आमची ताटली मात्र कागदाशिवायची होती. ती छप्पन सालच्या गोळीबाराच्या दिवसांत गेली. लोक जीव घेऊन आमच्या जिन्यावरून वर धावले, खोलीत दहा माणसं शिरली, फळीला धक्का लागला. तुकडे मी फडक्यात बांधले आणि समुद्रात सोडले. वाणाची काच फुटकी घरात ठेवायची नाही, हे मला माझ्या सासूने शिकवलेलं. खुणेचा तुकडा तेवढा अखंड होता. तोही मी सोडला.

त्या दिवसानंतर बाबा रोज एकदा तरी विचारायचे. "ती माझीच मां गो, बाय? काय माका उगाच वाटता?" मी म्हणायची, तुमचीच. ते मान हलवायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "एवढो शिकलेलो माणूस खोटां कशाक लिवात? माकाच भ्रम झालो असतलो." आणि त्या संध्याकाळी मी पाणी दिलं, ते त्यांनी सरळ पिऊन टाकलं. अंगठा फिरवला नाही.

माणसाची तीस वर्षं कुणी अशी चार ओळींत काढून घ्यावी? आणि तीही चोरून नाही, पेपरात छापून?

बुधवारी लालबागला ट्राम पकडली आणि एकटीच गिरगावात गेले. दालनात चांगली गर्दी होती. दाराशी समितीचा बिल्ला लावलेल्या मुलींनी हळदीकुंकू लावलं. आत मांडणी मोठी छान होती, खोटं कशाला बोलू. गिरणीतला धोटा होता, खाली विणकराचं नाव. शीव कोळीवाड्याची जाळं विणायची लाकडी सुई होती, तिच्याखाली ती करणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याचं नाव. आणि मधोमध काचेचं कपाट. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. बोहेमिया, बेल्जियम, जर्मनी. वर लिहिलं होतं, मुंबईच्या घरांनी जगातून काय काय आणलं.

ताटली वरच्या फळीवर उभी होती. मला वाटलं आई उभी आहे.

वसंतराव पाच-सहा जणांना समजावत होते. पन्नाशीचे गृहस्थ, स्वच्छ धोतर, दोरीला बांधलेला चष्मा. ही मुंबई कुणी शेठसावकारांनी नाही, मराठी हातांनी घडवली, असं ते फार सुंदर बोलत होते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. ते संपेपर्यंत मी थांबले आणि मग जवळ जाऊन सांगितलं, की ही ताटली माझ्या वडिलांनी चिंचपोकळीला केली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, तुमच्याकडे तशी दुसरी ताटली आहे का. नाही, फुटली. तुकडा? समुद्रात सोडला. कारखान्याचा काही कागद? कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. त्यांनी आपल्या ताटलीवरचा जुना कागद दाखवला, त्यावर परदेशी अक्षरं. मी म्हटलं, तो इथेच चिकटवलेला आहे. ते किंचित हसले आणि चष्मा पुसला.

"बाई, तुमची भावना मी समजतो," ते म्हणाले. "पण असा साचा कापणारा माणूस त्या काळी आपल्याकडे नव्हता."

मराठी हातांवरचं त्यांचं बोलणं संपून पाच मिनिटंही झाली नव्हती.

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. जीभ दाताखाली धरली, नमस्कार केला आणि वळले. ग्रंथालयाच्या चिटणीस सुमेधाताई, चाळिशीच्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, त्या मागून आल्या. वसंतरावांनी लिहिलेली खुणांची पुस्तिका माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, प्रदर्शन रविवारी संध्याकाळपर्यंत आहे. एवढंच. पण त्यांनी मला डोळ्यांत पाहून सांगितलं.

ट्राममध्ये मी पूर्ण वेळ नामजप केला, आणि एक नाम धड लागलं नाही. प्रत्येक मण्याला 'नव्हता', 'नव्हता'. नव्हता म्हणे! मग मी कुणाच्या मांडीवर वाढले? कुणाच्या बोटांतले लोखंडाचे कीस आई सुईने काढायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीच्या डब्यापुढे पाट मांडून गोपद्मं काढायला बसले. मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून मोठ्याने मोजत होते. एकतीस, बत्तीस, तेहतीस. हात तिथेच थांबला. काल पुस्तिकेत मी काय वाचलं होतं? पाट तसाच ठेवून उठले. सोवळ्यातच पुस्तिका उघडली. हो, तसंच होतं. 'ताटलीच्या बत्तीस पाकळ्या युरोपीय साचेकारांच्या भूमितीच्या शिस्तीची साक्ष देतात. वर्तुळाचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस असे समान भाग पाडणे ही ती पद्धत.'

बाबांना विचारलं, ताटलीला पाकळ्या किती होत्या?

"तेतीस," ते लगेच म्हणाले. आणि मग किती तरी दिवसांनी आपणहून बोलू लागले. बत्तीस कुणीही करील, अर्ध्याचं अर्धं करत जायचं. तेहतीस कशात बसत नाही. कंपासाने तीनदा आखून पाहिलं, तीनदा चुकलं. शेवटी आईनेच जमिनीवर खडूने गोल काढला आणि कडेने तांदळाचे तेहतीस दाणे मांडले. एक इकडे सरकव, एक तिकडे सरकव, असं अर्धी दुपार चाललं. त्यावरून त्यांनी कागद कापला आणि कागदावरून साचा. सांगताना त्यांची बोटं चादरीवर दाणे सरकवत होती.

आणि मग बोटं थांबली. "पण त्येंनी बत्तीस मोजल्यानी," ते म्हणाले. "म्हणजे ती माझी न्हय."

मी म्हटलं, त्यांनी मोजल्याच नसतील. रविवारी आपण जाऊ आणि मोजू.

ते भिंतीकडे तोंड करून निजले. तिकडूनच म्हणाले, "थंय जावन बत्तीसच निघाल्यो तर मगे मिया काय करू, बाय?"

मीही मोजल्या नव्हत्या. बुधवारी कपाट बंद होतं, ताटली उभी होती आणि मी रडत होते. नव्वद साली तिकडे खरंच कुणी तशी ताटली केली असेल आणि बाबांच्या साहेबाने तिचाच नमुना पुढे ठेवला असेल तर? तीन दिवस हाच विचार. बाबांना न्यावं तर उरलंसुरलंही जाईल, न न्यावं तर ते गेलेलंच आहे.

ह्यांना सांगितलं, तर हे तयारच. म्हणाले, खात्यातली पन्नास माणसं घेऊन येतो, घोषणा देत जाऊ. मी नको म्हटलं. "मग मी एकटा तरी येणार," हे म्हणाले. "तेहतीसचे तेहतीस अनारसे मी खाल्लेत. साक्षीदार हाय मी." बाबांना त्यांनीच उठवलं. "मामा, जावयाचं वाण तुम्ही मला दिलं की नाय? मग ते माझं झालं. माझी वस्तू बघायला मी चाललोय, तुम्ही सोबत चला." त्यावर बाबा काय बोलणार?

रविवारी सकाळी आधी देवळात गेले. अधिकात रोज तेहतीस बत्ताशांचा नैवेद्य दाखवते. त्या दिवशीचे पुजाऱ्याकडून प्रसाद म्हणून परत मागून घेतले आणि कागदाच्या पुडीत बांधले. तिघं ट्रामने गिरगावात उतरलो. शेवटचा दिवस, दालन भरलेलं. सुमेधाताईंनी बाबांना खुर्ची दिली, कपाटापासून दहा हातांवर. त्याहून जवळ जायला ते तयार नव्हते.

मी वसंतरावांना म्हटलं, ताटली एकदा टेबलावर आडवी ठेवता का, मला पाकळ्या मोजायच्या आहेत. ते म्हणाले, बत्तीस आहेत, मी लिहिलंय. मी म्हटलं, आपण मोजल्यात का? ते म्हणाले, त्याची गरज नसते, पद्धत ठाऊक असली की पुरे. नाजूक वस्तू आहे, गर्दीत हाताळणं बरं नाही.

"साहेब, तसली ताटली आमच्या घरी छत्तीस वर्षं हाताळली," हे मागून म्हणाले. "पुस्तकात वाचून नाय, अनारसे खाऊन." लोक हसले. वसंतरावांचे कान लाल झाले. तोवर सुमेधाताईंनी जुडग्यातली किल्ली काढून कपाट उघडलंही होतं.

ताटली टेबलावर आली. मी पुडी सोडली आणि एकेका पाकळीत एकेक बत्तासा ठेवत गेले, आई अनारशांआधी सुपारी मांडून बघायची तशी. सुमेधाताई मोठ्याने मोजत होत्या. वीस. पंचवीस. तीस. दालनातली कुजबुज थांबली. एकतीस. बत्तीस.

पुडीत एक बत्तासा उरला होता. आणि ताटलीत एक पाकळी.

ती पाकळी इतकी अरुंद होती की बत्तासा तिच्यात आडवा बसेना, उभा टेकवावा लागला. "तेहतीस," सुमेधाताई म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

वसंतराव वाकले. स्वतः मोजलं, बोट लावून. दोनदा. मग सरळ होत म्हणाले, ही बारीक पाकळी म्हणजे पाकळी नव्हे, साच्याच्या दोन तुकड्यांचा जोड असावा. मूळ आकृती बत्तिसाचीच.

तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. ते खुर्चीतून उठले नव्हते आणि त्या ताटलीला त्यांनी अजून हातही लावला नव्हता.

"जोड न्हय तो," ते म्हणाले. "तांदूळ सरकवताना शेवटाक जागा कमी पडली. ती पाकळी थंयच ऱ्हवली. खाली बघा. खुणेचो ठिपको त्याच पाकळेक धरून आसा. थंयसून मोजूक घेवचां, म्हणान तो दिलंय."

मी बत्तासे काढले. सुमेधाताईंनी ताटली दोन्ही हातांनी उलटी केली. दुभंगलेल्या पानाखालचा ठिपका बरोबर त्या बारीक पाकळीच्या रेषेत होता. टाचणी लावून पाहावं इतका बरोबर.

"आणि हे पान नाही हो, वसंतराव," सुमेधाताई त्या खुणेकडे बघत सावकाश म्हणाल्या. "हे गोपद्म आहे. आमच्याकडे रोज उंबऱ्याबाहेर असतं. तुमच्याकडेही असेल."

असेलच की. चातुर्मास चालू होता. त्या सकाळीही ते ओलांडूनच घराबाहेर पडले असतील. ज्या खुणेसाठी परदेशाची पुस्तकं मागवली, ती घरातल्या बाईने दारात काढून ठेवलेली, आणि तिला विचारावंसं एकदाही वाटलं नाही.

वसंतरावांनी दोन क्षण खाली पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, नवीन चिठ्ठी घेतली आणि मोठ्या मनाने लिहिलं, देशी बनावट, निर्माता अज्ञात. लिहून ती मला वाचायला दिली. माझ्याकडून धन्यवादाची अपेक्षा होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बुधवारी आला होता तो राग ह्यापुढे काहीच नव्हता. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. आता दहा हातांवर माणूस बसलेला, त्याने न पाहता ताटलीचा तळ वाचून दाखवलेला, आणि तो अज्ञात. कोळ्याच्या सुईला नाव, धोट्याला नाव, आणि आमच्या बाबांना, कारखान्याने कागद चिकटवला तसा हा दुसरा कागद.

मी आवाज चढवला नाही. चिठ्ठी त्यांच्यापुढे परत ठेवली आणि म्हटलं, "ते समोर खुर्चीत बसलेत. त्यांना नाव विचारा."

"विचारतो ना, बाई. पण नोंद करायची तर काही निकष असतात."

"आधी नाव विचारा."

ते गेले. गर्दीने वाट दिली. त्यांनी वाकून नाव विचारलं आणि बाबांनी सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, गावासकट. वसंतराव परत येऊन लिहू लागले. मी शेजारी उभी राहून वाचत होते. गुणाजी पांचाळ, काळाचौकी, यांच्या सांगण्यानुसार. मी 'सांगण्यानुसार'वर बोट ठेवलं. ते थांबले, माझ्याकडे बघितलं. मी बोट काढलं नाही. त्यांनी तो शब्द खोडला. खोडलेली चिठ्ठी लावणं बरं दिसत नाही म्हणून सुमेधाताईंनी कोरी आणून दिली, आणि ती त्यांनी मलाच लिहायला सांगितली. माझं अक्षर पोथी लिहिण्याचं. मी लिहिलं, साचा कापणारे गुणाजी पांचाळ, खूण सुंदराबाईंची, चिंचपोकळी, सन १९२०.

आता कपाट उघडंच होतं, तर ह्यांनी बाबांना धरून तिथे आणलं. पहिल्यांदा ताटली हातात दिली. त्यांचा अंगठा खुणेवर गेला, फाकांवरून फिरला, ठिपक्यावर थांबला. मग त्यांनी विचारलं, आणखी काय आहे. वसंतरावांनी स्वतः एक वाटी त्यांच्या हातात ठेवली, तळाशी तारा असलेली. "ह्यो आमचो दगडू," बाबा म्हणाले. "भट्टीचो माणूस, पण कापूक शिकलो. हात जड." पुढचा नांगराच्या खुणेचा पेला. बाबांनी तो बराच वेळ चाचपला. "ह्यो आमचो न्हय. ह्यो भायरचो. काम बरां आसा." वसंतराव हे पुस्तिकेच्या कडेला लिहून घेत होते. मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखे. त्यांच्याबद्दल मला थोडं बरं वाटलं, ते तेवढ्यापुरतं. कारण दोनशे पुस्तिका छापून वाटून झाल्या होत्या, आणि त्या घरोघर अजून बत्तीसच म्हणत असतील. पेपरवाल्यांना त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, असं नंतर सुमेधाताईंनी कळवलं. ते छापून आल्याचं आम्ही काही पाहिलं नाही. हे रोज पान न् पान बघतात.

परत येताना ट्राममध्ये हे खुशीत होते. मी हातातले बत्तासे वाटले. बाबांनी मात्र आपला बत्तासा मुठीतच धरला होता. मला धास्ती वाटली, की फार श्रम झाले. लालबाग आलं तेव्हा बोलले.

"नाव घातलास तां बरां केलंस," ते म्हणाले. "पण आता त्या बारीक पाकळेवर सगळ्यांची नजर जातली. खाली माझां नाव."

मी म्हटलं, बाबा, त्या पाकळीनेच तर खरं केलं. त्यांना ते पटलं नाही. कारखाना चालू असता तर साचा परत घासून घेतला असता म्हणाले. घरी पोचेपर्यंत तेच. एक दाणा, फक्त एक दाणा आईने पलीकडे सरकवला असता, तर साधलं असतं. पण ती ऐकते कुणाचं?

दिवेलागणीला देवापुढे बसले तेव्हा मनात हिशेब आला, की आज व्रत मोडलं की राहिलं. टाकून बोलले नाही. आवाज चढवला नाही. पण मनात जे जे बोलले ते देवाने ऐकलंच असेल. त्याबद्दल मी क्षमा मागायला हात जोडले, आणि खरं सांगते, मागवेना. मग नुसताच नमस्कार केला.

बाबांनी पाणी मागितलं. मागून घेतलं. पेला हातात दिला, तर आधी अंगठा बुडावरून फिरला, सगळीकडून, नीट.

"मशीनचो," ते म्हणाले. "कोणाचोच न्हय." आणि प्यायले.